देहातले प्रतीक : प्री-रॅफेलाइट चित्रकार, जे. जे. स्कूल आणि अंबरनाथची भिंत

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे कलाशाखेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर एक रेखाटन केले होते. संध्याकाळची वेळ, बाकावर बसलेली एक मध्यमवयीन बाई. पर्सचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळलेला. एक पाय चपलेतून बाहेर काढलेला आणि त्याची टाच दुसऱ्या पावलावर टेकवलेली. मान किंचित वळलेली, गाडीच्या दिशेने. जेमतेम पाच-सात मिनिटांचे काम होते, पण त्यात बाईचा दिवस दिसत होता.

पुढे एका चित्रकला स्पर्धेसाठी ‘स्त्रीशक्ती’ असा विषय आला. तेच रेखाटन घेऊन ती म्हणाली, “सर, हीच काढू का?” मी अनुभवी शिक्षकाच्या थाटात सल्ला दिला : विषय पोचला पाहिजे, परीक्षकांना एका नजरेत कळले पाहिजे. बाई उभी कर, हातात दिवा दे, मागे देवीचे दहा हात सूचित कर. तिने तसे केले. चित्राला उत्तेजनार्थ पारितोषिकही मिळाले. पण बाई उभी राहिली तेव्हा ती टाच गेली, मनगटावरचा पट्टा गेला, मान समोर आली. प्रतीक आले आणि माणूस निघून गेला. ही चूक तिची नव्हती, माझी होती.

मानवाकृती आणि प्रतीक यांचे नाते काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे आहे. त्याचा शोध घेताना मला दोन टोकांना जावे लागले. एक टोक एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचे, दुसरे आमच्या घरापासून लोकलने काही स्टेशने पुढे असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे. या दोन टोकांना जोडणारा एक धागा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून जातो. त्या धाग्याची ही तपासणी.

सुतारशाळेतला खिळा

१८४८ साली लंडनमध्ये सात तरुणांनी स्वतःला ‘प्री-रॅफेलाइट ब्रदरहुड’ असे नाव दिले. विल्यम होल्मन हंट, जॉन एव्हरेट मिले आणि दान्ते गॅब्रिएल रोझेटी हे त्यांतले प्रमुख चित्रकार, आणि तिघेही विशीच्या आसपासचे. रॅफेलनंतर युरोपच्या चित्रकलेत शिरलेला ठरावीक सौंदर्याचा साचा त्यांना नको होता. अकादमीत शिकवलेली मोहक पोझ, त्रिकोणी रचना आणि तपकिरी छाया सोडून रॅफेलपूर्वीच्या इटालियन चित्रांसारखे स्वच्छ, थेट पाहायचे आणि समोरच्या वस्तूशी प्रामाणिक राहायचे, हा त्यांचा आग्रह. त्याच वेळी त्यांना चित्र अर्थाने भरलेलेही हवे होते. चित्रातले फूल, पक्षी, अवजार यांपैकी काहीच उगाच नको.

या दोन आग्रहांत ताण आहे. जे समोर आहे तेच काढायचे म्हटले, तर त्यात अर्थ भरायचा कसा? आणि अर्थ आधीच ठरलेला असेल, तर समोरचे खरे पाहणे होते का? या मंडळींची चांगली चित्रे या ताणातून निर्माण झाली, आणि वाईट चित्रे तो ताण सुटल्यावर.

चांगल्याचे उदाहरण म्हणून मिलेचे १८४९-५० मधील ‘ख्राइस्ट इन द हाउस ऑफ हिज पेरेंट्स’ घेऊ. सुतारशाळेत बाल येशूच्या तळहाताला खिळा लागला आहे आणि आई त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली आहे. पुढच्या क्रूसाची ही सूचना. पण ही सूचना देवदूत येऊन सांगत नाही. सुताराच्या घरात रोज घडू शकणाऱ्या अपघातातून ती येते. जोसेफच्या आकृतीसाठी मिलेने चेहरा आपल्या वडिलांचा घेतला, मात्र हात आणि देह खऱ्या सुताराचा. आयुष्यभर रंधा मारणाऱ्या माणसाच्या दंडाचे स्नायू, फुगलेल्या शिरा, मळलेली नखे त्याला हवी होती. मागे दिसणारी मेंढरे त्याने खाटकाकडून आणलेल्या मुंडक्यांवरून काढली. चित्र प्रदर्शित झाल्यावर चार्ल्स डिकन्सने त्यावर जहरी टीका केली. पवित्र कुटुंब इतके सामान्य, इतके कुरूप कसे, असा त्या टीकेचा रोख होता. डिकन्सची चीड समजण्यासारखी आहे. त्याला प्रभावळ हवी होती, मिलेने घट्टे दाखवले.

याच मिलेची ‘ऑफेलिया’ (१८५१-५२) वाचकांपैकी अनेकांनी छापील स्वरूपात पाहिली असेल. पाण्यात तरंगणारी तरुणी, भोवती फुले. खसखशीचे लाल फूल म्हणजे मृत्यू, डेझी म्हणजे निष्पापपणा, असा फुलांचा कोश तयार करता येतो आणि अनेकांनी तो केलाही आहे. पण तो कोश हातात नसला तरी चित्र अस्वस्थ करते, याचे कारण देह. एलिझाबेथ सिडल ही मॉडेल हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या टबात पोझ देत असे. खालून दिवे लावून पाणी कोमट ठेवत. एकदा दिवे विझले, ती गारठून आजारी पडली आणि तिच्या वडिलांनी डॉक्टरच्या खर्चासाठी तगादा लावला. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते, ती तशी नाही. त्या चित्रातले उघडे तळवे आणि पाण्याने जड झालेला झगा यांची किंमत एका कामकरी मुलीने मोजली आहे. मानवाकृतीचा अभ्यास म्हणजे दुसऱ्याच्या देहाचा वेळ घेणे असते, हे आपण लाइफ क्लासमध्ये सहसा विसरतो.

आता ताण सुटल्याचे उदाहरण. हंटच्या ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’मध्ये (१८५१-५३) ख्रिस्त रात्री कंदील घेऊन एका बंद दारावर थाप मारतो आहे. दारावर रानवेली चढल्या आहेत आणि बाहेरच्या बाजूला कडी नाही. दार म्हणजे मानवी मन, ते आतूनच उघडते. कल्पना सुरेख, कंदिलाचे रंगकाम त्याहून सुरेख. पण झग्याखालच्या देहाला वजन नाही. ही व्यक्ती चालत इथवर आली असे वाटत नाही, ती तिथे ठेवलेली आहे. सगळा अर्थ कंदील, मुकुट आणि वेलींवर सोपवला आहे. चित्राचा अर्थ लोकांना समजावा म्हणून जॉन रस्किनला १८५४ मध्ये ‘द टाइम्स’ला पत्र लिहावे लागले, यातच सर्व आले. रोझेटीच्या उत्तरायुष्यातल्या स्त्रियांबद्दलही माझी तीच तक्रार आहे. डाळिंब दिले की प्रोसर्पिना, दुसरे फळ वा फूल दिले की दुसरी कोणी. मान तीच, ओठ तेच. प्रतीक बदलते, माणूस बदलत नाही.

मुंबईशी नाते

या चळवळीचे मुंबईशी नाते काय? १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये १८६५ साली इंग्लंडहून तीन शिक्षक आले. जॉन ग्रिफिथ्स सजावटीच्या चित्रकलेसाठी, हिगिन्स धातुकामासाठी आणि जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्पासाठी. किपलिंग १८७५ पर्यंत मुंबईत होता. त्याचा मुलगा रुडयार्ड याच आवारात जन्मला, हे सर्वांना माहीत आहे. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की, लॉकवुडची पत्नी ॲलिस आणि चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सची पत्नी जॉर्जियाना या सख्ख्या बहिणी. म्हणजे प्री-रॅफेलाइट परंपरेच्या दुसऱ्या पिढीचा मोठा चित्रकार हा जे. जे.तल्या एका शिक्षकाचा साडू.

अशा नात्यावरून लगेच ‘प्रभाव’ सिद्ध करण्याचा मोह टाळला पाहिजे. साडू असल्याने शैली येत नाही. जे. जे.मध्ये प्रत्यक्षात पक्की झाली ती अकादमीची शिस्त. आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून छायाप्रकाश, मग डोके, मग जिवंत मॉडेल. ज्या शिस्तीविरुद्ध लंडनच्या पोरांनी बंड केले, तीच आपल्याकडे आधुनिकता म्हणून आली. किपलिंगने मात्र क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर कोरलेल्या पट्टांत इथली कष्टकरी माणसे आणली, आणि हिंदुस्थानी कारागिरांची कामात गढलेली रेखाटने केली. मिलेच्या सुताराचे हे लांबचे भाऊबंद म्हणता येतील.

दुसरा धागा कडवट आहे. प्री-रॅफेलाइटांचा मोठा पाठीराखा रस्किन. १८५७ च्या उठावानंतर लगेच, जानेवारी १८५८ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे दिलेल्या व्याख्यानात त्याने हिंदी कलेवर आरोप केला की ती निसर्गातले सत्य नाकारते. रंग आणि नक्षी उत्तम, पण खरे फूल नाही, खरा माणूस नाही, अनेक हातांचे काहीतरी विचित्र आहे. निसर्गाशी प्रामाणिक राहा हा लंडनमधला बंडाचा मंत्र मुंबईत पोचेपर्यंत राज्यकर्त्याची मोजपट्टी झाला होता. जॉर्ज बर्डवुडनेही १८८० मध्ये हिंदुस्थानात कारागिरी आहे, ललित कला म्हणून चित्र-शिल्प नाही, अशा अर्थाचे मत मांडले.

याला उत्तर द्यायला सुरुवात करणारा माणूस पुन्हा जे. जे.तलाच निघाला. ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. सोळाव्या लेण्यातल्या मरणासन्न राजकन्येबद्दल त्याने म्हटले की रेखाटन फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने कदाचित सरस केले असते, रंग व्हेनिसच्या, पण भाव याहून अधिक कोणी आणला नसता. म्हणजे रॅफेलपूर्व इटलीत लंडनचे तरुण जे शोधत होते, त्या तोलामोलाचे काही ग्रिफिथ्सला वाघुर नदीकाठी सापडले. झुकलेली मान, निसटलेला हात. तिच्या मरणाचे प्रतीक तिच्या हातात दिलेले नाही, ते हात कसा पडला आहे यात आहे.

अंबरनाथला काय उरले

अजिंठ्याच्या आधी, १८६८ च्या सुमारास, जे. जे.चे अधीक्षक टेरी यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी आपल्या ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला आली होती. शिलाहार काळातल्या शिवमंदिराची रेखाटने करायची आणि शिल्पांचे साचे घ्यायचे, हे काम. मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा काळ येतो. प्लास्टरच्या ग्रीक देवता पुढ्यात ठेवून शिकणाऱ्या पोरांनी या काळ्या दगडातल्या देहांवर हात फिरवला, मापे घेतली, हा प्रसंग मला आपल्या कलाशिक्षणाच्या इतिहासात फार महत्त्वाचा वाटतो.

मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे अनेक रविवारी गेलो आहे. वालधुनीच्या काठी, आता भोवती दाट वस्ती. बाह्य भिंतीवर शिवाची आणि देवीची रूपे, सुरसुंदरी, गण, पशू यांची दाटी आहे. साडेनऊशे पावसाळ्यांनी बसाल्टसारखा दगडही झिजवला आहे. नाक गेले, बोटे गेली, कित्येक हात कोपरापासून तुटले. एका रविवारी रेखाटताना एका मुलाने तक्रार केली, “सर, हिच्या हातात काय होते तेच कळत नाही, मग ही कोण ते कसे ओळखायचे?” त्याच्या प्रश्नाने माझे डोळे उघडले.

शिल्पात सर्वांत आधी तुटते ते बाहेर आलेले : हात आणि हातातली वस्तू. म्हणजे नेमके प्रतीक. आरसा, कमळ, आयुध, फळ. सर्वांत शेवटी टिकते ते धड : कमरेचा झोक, एका पायावर टाकलेला भार, त्यामुळे वर गेलेला नितंब आणि विरुद्ध दिशेला कललेला खांदा. ज्याला शिल्पशास्त्र त्रिभंग म्हणते तो तोल. हात तुटलेल्या त्या बाईचे नाव मला सांगता येत नाही, पण तिची अवस्था सांगता येते. ती थबकली आहे, कोणाची तरी चाहूल घेते आहे. मी त्या मुलाला एवढेच सांगितले, “नाव हातात होते, ते गेले. अर्थ अंगात आहे, तो काढ.”

इथे एक आक्षेप मी स्वतःवरच घेतो. अशा रीतीने मी रस्किनचीच मोजपट्टी मागच्या दाराने आत आणत नाही ना? निरीक्षण श्रेष्ठ, संकेत कनिष्ठ? तसे नाही. अंबरनाथच्या शिल्पींनी शरीरशास्त्र जे. जे.च्या पद्धतीने अभ्यासले नव्हते. स्नायूंची नोंद तिथे नाही, कंबर अशक्य बारीक आहे. पण भार कोणत्या पायावर आहे हे त्यांनी जिवंत देहात पाहिले होते, यात मला शंका नाही. रस्किनने अनेक हात पाहिले, त्या हातांना तोलून धरणारा पाय पाहिला नाही. आणि संकेतही टाकाऊ नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या कोणत्याही गणपतीच्या कारखान्यात जा. पाश, अंकुश, मोदक ठरलेलेच असतात, तरी मूर्ती बसते कशी यावरून चांगला मूर्तिकार ओळखू येतो. उलट कल्याणशी आयुष्यभराचे नाते असलेल्या शिल्पकार भाऊ साठे यांच्या डोंबिवलीतल्या शिल्पालयात व्यक्तिशिल्पे पाहताना लक्षात येते की, जिथे संकेताची कसलीच कुबडी नाही तिथे मान आणि खांदे यांनाच सारे सांगावे लागते.

देऊळ चालण्यात आहे

या दोन परंपरा मुंबईत एका ठिकाणी भेटल्या. १८९६ साली जे. जे.तल्या विशीच्या आसपासच्या गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. नऊवारी नेसलेली तरुणी, हाती पूजेचे साहित्य, देवळाकडे निघालेली. प्लास्टरमधला हा पुतळा पाहून ललित कलेबद्दल आपल्याला नाकारणाऱ्या त्याच बर्डवुडने मुक्तकंठाने स्तुती केली, आणि रवींद्रनाथ ठाकूरांनी त्यावर बंगालीत लेख लिहिला.

या शिल्पावर ग्रीक छाप आहे असे म्हटले जाते, आणि ते खरे आहे. पण छाप कुठे संपते ते पाहायला हवे. ग्रीक शिल्पी ओल्या वस्त्रातून देह दाखवत. म्हात्र्यांना ते उसने घ्यावे लागले नाही, कारण नऊवारीचा काष्टाच मांडी आणि पोटरीची चाल उघड करतो. अकादमीच्या धड्याला आपल्या वस्त्राने उत्तर दिले. दुसरे असे की, शीर्षकातले देऊळ शिल्पात कुठेच नाही. कळस नाही, घंटा नाही. देऊळ तिच्या चालण्यात आहे. हातातले पूजेचे साहित्य काढून घेतले, तरी ती बाजारात निघाली आहे असे कोणी म्हणणार नाही. अंबरनाथच्या भिंतीने घेतलेल्या परीक्षेत ती उतरते.

आता दिवाळी आहे, तेव्हा दिव्याचे उदाहरण टाळता येत नाही. सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र (१९४५-४६ च्या सुमाराचे) म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. चित्रकाराची मुलगीच मॉडेल होती. हंटचा कंदील आणि हळदणकरांचा दिवा शेजारी ठेवून पाहा. हंटच्या चित्रात प्रकाशाचा अर्थ सांगावा लागतो. हळदणकरांच्या बाईने ज्योतीपुढे तळहात धरला आहे आणि प्रकाश तिच्या बोटांतून तांबूस होऊन झिरपतो. दिवा सांभाळणे म्हणजे काय, हे त्या बोटांतल्या रक्ताने सांगितले. प्रतीक वस्तूत राहिले नाही, कातडीत उतरले. जलरंगात ते साधणे किती कठीण, हे ज्यांनी हाती कुंचला घेतला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

या चित्राची पुढची पिढी म्हणजे आपल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांच्या हाती त्या स्त्रियांना डौल होता, रेषेला जीव होता. त्यांच्या अनुकरणात मात्र दिवा, कमळ, तोरण उरले, आणि ते धरणारा हात कोणाचाही झाला. रोझेटीच्या डाळिंबाचे जे झाले तेच आपल्या पणतीचे झाले. माझा फलाटावरच्या बाईला दिलेला सल्ला याच घसरणीतून आला होता.

निष्कर्ष म्हणून मला एवढेच मांडायचे आहे. प्रतीक आकृतीला बाहेरून जोडले की ते लेबल होते. लेबलाला काम आहे, ते नाव सांगते. पण चित्र नावासाठी पाहिले जात नाही. मिलेच्या सुताराच्या दंडात, अजिंठ्याच्या निसटलेल्या हातात, अंबरनाथच्या तुटक्या सुरसुंदरीच्या कमरेत, म्हात्र्यांच्या तरुणीच्या चालीत आणि हळदणकरांच्या बोटांत अर्थ देहाच्या आतून येतो. म्हणून मानवाकृतीचा अभ्यास हा प्रतीकाआधीचा धडा नाही, तोच प्रतीकाचा धडा आहे.

त्या विद्यार्थिनीला मी मागच्या वर्षी हे सारे सांगितले आणि माझी चूकही कबूल केली. ती आता स्वतः शिकवते. म्हणाली, “सर, ते पहिले रेखाटन मी ठेवले आहे. दुसरे कुठे गेले, आठवत नाही.” तिने ते मला दाखवले. कागद पिवळा पडला आहे. पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळलेला, टाच दुसऱ्या पावलावर. सहा वाजून गेल्यावर घरी परतणाऱ्या आणि अजून घरचे सगळे काम शिल्लक असलेल्या बाईची शक्ती दाखवायला आणखी काय हवे होते, ते मला आजही सुचलेले नाही.